पॉलकाकांचा जनक

मुलांसाठी पुस्तके लिहिणाऱ्या ग्रंथकाराकडे सुशिक्षित वाचक कौतुकाने पाहतो, आदराने क्वचितच पाहतो. त्यातून ती पुस्तके शाळांत नेमली गेली, की ‘क्रमिक पुस्तके’ एवढ्या एका शब्दात त्यांची वासलात लागते. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झां आंरी फाब्र याच्या वाट्याला हाच न्याय आला. १८७९ ते १९०७ या काळात त्याने कीटकांविषयीच्या आठवणींचे दहा खंड प्रसिद्ध केले आणि जगाने ते मस्तकी धरले. परंतु त्याने मुलांसाठी लिहिलेली पाऊणशेहून अधिक लहानमोठी पुस्तके मात्र पोटासाठी केलेली हमाली म्हणून बाजूस सारली गेली. आमचे मत याहून निराळे आहे. ती पुस्तके नसती, तर ते दहा खंड लिहिलेच गेले नसते. आणि लिहिले गेले असते, तरी ते सामान्य वाचकाच्या हाती गेले नसते.

फाब्रचा जन्म १८२३ साली दक्षिण फ्रान्समधील सें-लेआँ या डोंगराळ खेड्यात झाला. घरची स्थिती हलाखीची. बापाने गावोगाव कॉफीची दुकाने थाटली व तितकीच मोडली. मुलगा शिष्यवृत्तीच्या बळावर आव्हिन्याँच्या अध्यापकशाळेत शिरला आणि १८४२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कार्पांत्रा येथे शिक्षक झाला. तेथे तो विद्यार्थ्यांना जमीनमोजणी शिकविण्यासाठी माळावर नेई. एकदा त्याला दिसले, की मुले मोजणी सोडून वारंवार खाली वाकत आहेत. चौकशी करता कळले, की तेथील एक मधमाशी दगडगोट्यांवर मातीची घरटी बांधते, आणि मुले गवताच्या काडीने त्यांतला मध चोखतात. त्या दिवशी गुरू शिष्यांचा शिष्य झाला. पुढे कीटकांवरचा एक सचित्र ग्रंथ त्याने पुस्तकविक्रेत्याकडे पाहिला व महिन्याचा पगार देऊन तो विकत घेतला. संसारी शिक्षकाचा महिन्याचा पगार म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

त्यानंतर कॉर्सिका बेटावर असताना मोकें-तांदों या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला शिवणाच्या सुया घेऊन, पाणी भरलेल्या बशीत, गोगलगायीचे शरीर उकलून दाखविले. शिकविणे म्हणजे समोर उकलून दाखविणे, हा धडा फाब्र जन्मभर विसरला नाही. १८५३ मध्ये तो आव्हिन्याँच्या विद्यालयात आला. दोन वर्षांनी त्याने पॅरिसची डॉक्टरची पदवी मिळविली. गांधीलमाश्यांविषयीचे त्याचे निबंध विद्वानांत वाखाणले जाऊ लागले आणि साक्षात डार्विनने त्याच्या निरीक्षणशक्तीची थोरवी गाइली. पगार मात्र वाढला नाही. मंजिष्ठेच्या मुळांतून शुद्ध रंग काढण्याची युक्ती त्याने अनेक वर्षे खपून सिद्ध केली. पण त्याच सुमारास, १८६८–६९ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग डांबरापासून तयार केला आणि फाब्रची आशा धुळीस मिळाली.

याच काळात त्याच्यावर दुसरा घाला पडला. शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई याने १८६७ पासून मुलींसाठी माध्यमिक शिक्षणाचे वर्ग उघडविले. फाब्रने आव्हिन्याँच्या जुन्या सें-मार्तियाल मठात विनामूल्य व्याख्याने दिली आणि त्यांत फुलाचे फळ कसे होते, पराग कोठून येतो व काय करतो, हे सरळ सांगितले. कुमारिकांपुढे असला विषय! सनातनी मंडळी खवळली. द्युरुईचे मंत्रिपद गेल्यावर फाब्रला कोणी पाठीराखा उरला नाही. घरमालकिणींनी बेलिफामार्फत त्याला घराबाहेर काढले. पदरी पत्नी व पाच मुले, आणि खिसा रिकामा. अशा वेळी जॉन स्टुअर्ट मिल मदतीस आला. पत्नी आव्हिन्याँस वारल्यापासून मिल तेथेच घर करून राहत असे, आणि दोघे मिळून रानावनांत वनस्पती गोळा करीत. मिलने तीन हजार फ्रँक उसने दिले. फाब्र ओरांज या जवळच्या गावी गेला, नोकरी सुटली, आणि उपजीविकेचे साधन म्हणून हाती उरली ती लेखणी.

त्या लेखणीने काय केले? १८६२ पासून तो शेतीच्या रसायनशास्त्रासारख्या विषयांवर पाठ्यपुस्तके लिहीतच होता. ओरांज येथे मात्र या लेखनाचा ओघ सुरू झाला. पृथ्वी, आकाश, वनस्पती, घरकाम, उद्योगधंदे, पिकांचे वैरी असलेले कीटक (१८७०), शेतकऱ्याचे साहाय्यक प्राणी (१८७३), असा एकही विषय नव्हता, की जो त्याने मुलांपुढे मांडला नाही. पॅरिसचा प्रकाशक देलाग्राव्ह ही पुस्तके छापी आणि ती फ्रान्सभर खपत. मिलचे ऋण त्याने या मिळकतीतून फेडले.

यांपैकी अनेक पुस्तकांत ‘पॉलकाका’ नावाचे एक गृहस्थ आहेत. ते शिकवीत नाहीत, गोष्टी सांगतात. आणि त्याही परीकथा नव्हेत, खऱ्या गोष्टी. मुंग्या माव्याच्या किड्यांना जणू गाईंप्रमाणे दोहतात, ते काका मुलांना झाडाजवळ नेऊन दाखवितात. विजेचा विषय निघाला, की आधी अंधारात मांजराच्या पाठीवरून हात फिरवून ठिणग्या दाखवावयाच्या, मग आकाशातल्या विजेकडे वळावयाचे. आधी डोळ्यांनी पाहणे, मग प्रश्न, मग कारण, आणि सर्वांत शेवटी शास्त्राचे नाव. पारिभाषिक शब्द येथे पाहुण्यासारखा येतो. तो दारात उभा राहून वाट अडवीत नाही.

फाब्रच्या थोर ग्रंथाची रीतही हीच नाही काय? पाइन वृक्षावरील सुरवंट एकामागून एक रांगेने चालतात. १८९६ साली फाब्रने ही रांग एका मोठ्या कुंडीच्या काठावर चढविली व तिचे वर्तुळ जुळवून दिले. सात दिवस ते किडे एकमेकांच्या मागे फिरत राहिले. त्याच्या हिशेबाने तीनशे पस्तीस फेऱ्या झाल्या. हा प्रयोग वाचताना आपण एखादा शास्त्रीय निबंध वाचीत आहो असे वाटतच नाही; पॉलकाकांनी आपल्यालाच हाक मारून कुंडीपाशी बोलाविले आहे, असे वाटते. ही भाषा विद्वत्सभेत घडलेली नाही. पुढे बसलेल्या मुलाचा चेहरा पाहत पाहत ती घडली आहे.

आणि हे मूल काल्पनिक नव्हते. पॉलकाकांच्या पुतण्यांची नावे ज्यूल, एमिल, क्लेअर. फाब्रच्या स्वतःच्या मुलांचीही नावे हीच. त्यांतील ज्यूल हा बापाचा उजवा हात. किडा शोधण्यात, फूल ओळखण्यात त्याची नजर बापाच्या तोडीची. १८७७ साली, सोळाव्या वर्षी, तो वारला. फाब्र स्वतः त्या दुःखाने मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला. दोन वर्षांनी निघालेला आठवणींचा पहिला खंड त्याने ज्यूलच्या स्मृतीस वाहिला आणि काही गांधीलमाश्यांच्या जातींना मुलाचे नाव दिले. ज्या श्रोत्यासाठी गोष्टी रचल्या तो उठून गेला; सांगणारा मात्र त्याच आवाजात सांगत राहिला. त्या दहा खंडांतील जिव्हाळ्याचे मूळ आम्हांस येथे दिसते.

त्याच १८७९ साली, क्रमिक पुस्तकांच्या मिळकतीतून, फाब्रने सेरिन्याँ गावी सुमारे एक हेक्टर खडकाळ पडीक जमीन व घर घेतले. तेथील बोलीत अशा माळाला ‘हार्मास’ म्हणतात. शेतकऱ्याला निरुपयोगी असा तो माळ गांधीलमाश्यांचे नंदनवन होता. पुढील छत्तीस वर्षांचे संशोधन तेथेच झाले. म्हणजे भाषाच नव्हे, तर प्रयोगशाळाही मुलांच्या पुस्तकांनीच दिली.

फाब्रचे दोषही सांगितले पाहिजेत. उत्क्रांतितत्त्व त्याने अखेरपर्यंत मानले नाही. गांधीलमाशी आपल्या भक्ष्याच्या नेमक्या मज्जाकेंद्रांवरच अचूक डंख करते, हे त्याचे म्हणणेही पुढील संशोधकांना जसेच्या तसे आढळले नाही. माश्यामाश्यांत बराच फरक दिसला. गोष्ट सांगणाऱ्याला नीटस शेवटाचा मोह असतो, आणि तो मोह फाब्रला क्वचित भोवला. परंतु त्याची निरीक्षणे त्याच्या मतांहून चिवट ठरली.

उतारवयात नवी पाठ्यपुस्तके आली, फाब्रची मागे पडली, उत्पन्न आटले आणि दारिद्र्य परत आले. १९१० साली मित्रांनी सत्कार घडवून आणला तेव्हा फ्रान्सला या म्हाताऱ्याची आठवण झाली. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्वँकारे त्याच्या भेटीस आला. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी फाब्र वारला. त्याचा माळ आज फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाकडे आहे.

एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. १९२२ साली फाब्रच्या आठवणींचा पहिला खंड जपानी भाषेत उतरला आणि पुढे तेथील मुलांनी हा प्रौढांचा ग्रंथ आपलासा केला. आज फाब्रचे नाव त्याच्या मायदेशापेक्षा जपानी मुलांनाच अधिक ठाऊक असते. आम्हांस यात नवल वाटत नाही. पंडितांनी दोन फाब्र मानले, एक शाळेचा आणि एक शास्त्राचा. मुलांनी मात्र बरोबर ओळखले, की बोलत आहेत ते पॉलकाकाच.