विजयदुर्गची शेवटची लढत

मुष्टियोद्ध्याचे मोठेपण कोणत्या लढतीवरून ठरवावे, हा वाद जुना आहे. डिसेंबर १९८१ मध्ये ट्रेव्हर बर्बिककडून हरलेला एकोणचाळीस वर्षांचा महंमद अली पाहून कोणी १९६७ पूर्वीच्या अलीची किंमत ठरवत नाही. आंग्रेंच्या आरमाराच्या वाट्याला मात्र हा न्याय आलेला नाही. देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या मुखाशी असलेला विजयदुर्ग, म्हणजे इंग्रजांचा घेरिया, फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्यापुढे दोन दिवसांत पडला. बंदरातली गलबते आणि गुराबा जळून खाक झाल्या. तेवढ्यावरून मराठ्यांना समुद्र कधी पेललाच नाही, असा निष्कर्ष काढला जातो. पण कान्होजी आंग्रेंच्या हयातीत याच किल्ल्यावर १७२० मध्ये इंग्रज आणि १७२४ मध्ये डच चालून आले, आणि दोघांनाही हात हलवत परतावे लागले.

यावर आक्षेप असा, की आधीचे हल्लेखोर व्यापारी कंपन्यांचे होते. खरे राजेशाही आरमार वॉटसननेच आणले. त्याच्या जहाजांचा तोफखाना भारी होता, हे मान्यच करावे लागेल. तरीही १७२१ मध्ये कमोडोर मॅथ्यूज इंग्लंडच्या राजाची जहाजे आणि पोर्तुगीजांची फौज घेऊन आंग्रेंच्या कुलाबा किल्ल्यावर आला, तेव्हाही हाती काही लागले नाही. दुसरा आक्षेप वारसांच्या दुबळेपणाचा. भाऊबंदकीने आंग्रेंची दौलत १७३५ मध्ये दुभंगली, हे खरे. पण कान्होजींचा मुलगा आणि विजयदुर्गचा धनी तुळाजी लढाईत उतरणीला लागला होता, असे म्हणवत नाही. १७५४ मध्ये त्याने डचांची दोन जहाजे जाळली आणि तिसरे धरले. पाडावाच्या जेमतेम दोन वर्षे आधीची ही कामगिरी आहे. अलीला वयाने गाठले होते. तुळाजीचे तसे नव्हते.

बदलली होती ती पाठीशी उभी असणारी सत्ता. कुलाब्याच्या वेळी बाजीराव पेशवा मदतीला धावून आला होता. १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी करार केला, आणि त्याच वर्षी सुवर्णदुर्ग गेला. विजयदुर्गवर समुद्रातून मारा सुरू झाला, तेव्हा जमिनीकडून पेशव्यांचे सैन्य होते आणि तुळाजी स्वतः त्यांच्या छावणीत बोलणी करायला गेलेला होता. म्हणजे धनी किल्ल्यात नव्हता आणि जमिनीकडून मदतीची आशाही उरली नव्हती. तुळाजी स्वतः पेशव्यांना जुमानत नव्हता, त्यामुळे या वैराचा दोष एकट्या पुण्याचा नाही. पण दोष कोणाचाही असो, या पराभवातून आरमाराची लायकी मोजता येत नाही.

पुढे बाणकोटच्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि तिथे त्यांच्या धुळप सरदारांचे आरमार उभे राहिले. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी कंपनीचे ‘रेंजर’ जहाज लढून ताब्यात घेतले. इंग्रज आणि मराठे यांच्यात सालबाईचा तह झालेला असल्याने ते परत करावे लागले. ही लढत वॉटसनच्या हल्ल्याच्या तोडीची नव्हतीच. मात्र दर्यावरचे कसब १७५६ च्या आगीत संपले नव्हते, एवढे तिने निश्चित दाखवले. आंग्रेंच्या आरमाराचा उत्कर्ष मोजायचा, तर १७२० च्या दशकातला मोजावा. १७५६ साल हा पेशवे आणि आंग्रे यांच्या वैराचा हिशेब आहे.