वाहनाची किंमत आणि वाहनाचा खर्च : सार्वजनिक बसखरेदीचा ऐतिहासिक मागोवा

सार्वजनिक सेवेसाठी वाहने घेताना निविदेतील किमान दर निर्णायक मानण्याची प्रथा भारतीय प्रशासनात दीर्घकाळ रूढ होती. वस्तुतः बस जितकी वर्षे धावते, तितकी वर्षे इंधन, टायर, सुटे भाग, दुरुस्ती आणि बुडालेल्या फेऱ्या यांचा भार वाढत जाऊन मूळ किमतीला मागे टाकतो. परंतु खरेदी भांडवली खात्यावर व इंधन महसुली खात्यावर पडत असल्याने हे दोन आकडे एकत्र तपासले जाणे अवघडच होते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. पुढे एस.टी.ने केवळ चासी विकत घेऊन दापोडी, चिकलठाणा व नागपूर येथील स्वतःच्या कार्यशाळांत बॉडी बांधण्याचा मार्ग पत्करला. टायर पुनःस्तरणाचे प्रकल्पही महामंडळाने स्वतःच उभारले. बांधणी एकसारखी असल्याने एका आगारातील कारागिराला दुसऱ्या आगाराची गाडी परकी वाटत नसे. आयुष्यभराच्या खर्चाचा विचार हा शब्दप्रयोग रूढ होण्यापूर्वीच तो व्यवहारात उतरला होता, असे म्हणावे लागते. अर्थात, हा हिशेब निर्दोष नव्हता. ॲल्युमिनिअमची बॉडी हलकी, पण अपघातात तग धरण्यास दुबळी होती. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या चासींवर पोलादी बॉडी बसविण्याचे धोरण आले, ते प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी. जीविताचे मोल खर्चाच्या तक्त्यात इतक्या उशिरा यावे, ही बाब चिंत्य आहे.

२००९ मध्ये जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून शहरांना बसखरेदीसाठी अर्थसाहाय्य मिळाले. पुण्यासारख्या शहरांत केंद्राचा वाटा ५० टक्के होता. मात्र ही मदत खरेदीपुरती होती. देखभालीचा भार परिवहन संस्थांवरच राहिला.

२०१९ पासूनच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात विद्युत बसचे अनुदान प्रति किलोमीटर दराच्या करारांशी जोडले गेले. २०२२ मध्ये बंगळूरु, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद व सुरत या पाच शहरांसाठीच्या ५,४५० बसच्या एकत्रित निविदेत १२ मीटर बसचा किमान दर ४३.४९ रुपये प्रति किलोमीटर आला. खरेदी व देखभाल प्रथमच एवढ्या व्यापक प्रमाणावर एका आकड्यात सामावली. मात्र गाडी कंत्राटदाराची असल्याने तिच्या दुरुस्तीचे ज्ञानही त्याच्याकडेच राहते. करार संपल्यावर ती गाडी उघडून पाहू शकणारा कारागीर आगारात असण्याची तरतूद या दरात नाही.