तळटीप १७ : ‘एक गाव, एक संघ’

१७. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांतली अट. संघातले सगळे खेळाडू त्याच गावचे रहिवासी हवेत. हरकत आली की आधार कार्डावरचा पत्ता बघतात. वरच्या प्रसंगात पंचांनी डावखुऱ्या बॉलरला बाहेर बसवले ते यामुळेच. मामाच्या गावाकडून भाच्याने खेळावे का, हा मात्र सनातन वाद.

शहापूर-मुरबाडकडे भातकापणी उरकली की खाचरांतच पिच तयार होते. ही अट नसलेल्या ‘ओपन’ स्पर्धेत बाहेरचे खेळाडू चालतात, म्हणजे ज्या संघामागे पैसेवाला त्याच्याकडे कल्याण-डोंबिवलीचे बॉलर. सामना सहा-आठ षटकांचा. असा एकच बॉलर दोन षटकांत निकाल फिरवतो आणि लहान पाड्याचा संघ पहिल्याच फेरीत घरी जातो.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्येही बाहेरून आणलेल्या खेळाडूंवरून हेच भांडण आहे, पण तिथे उलटेही घडले. २०२१पासून खेळाडूला एकदा वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलता येऊ लागले. पुढे तीही मर्यादा गेली. २०२३मध्ये तीनच सामने जिंकलेल्या इंडियाना विद्यापीठाने २०२४मध्ये अकरा जिंकले. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी जुन्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले बरेच खेळाडू सोबत आणले होते. दुबळा संघ वर आला खरा. ज्यांचे खेळाडू गेले त्यांनी काय करायचे?

यावर एक तोडगा असा : मार्च २०२४मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झालेल्या टेनिस बॉलच्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगमध्ये (आयएसपीएल) खेळाडूंचा लिलाव होता, आणि खर्चाची मर्यादा सहाही संघांना सारखीच.