हुकूमनाम्याची शेवटची ओळ

दिवाणी निकालाच्या अगदी शेवटी एक लहानशी ओळ असते: ‘वादीने प्रतिवादीचा खर्च द्यावा.’ आमच्या यवतमाळकडचा कास्तकार निकालाहूनही या ओळीला अधिक भितो. समोर भाऊबंद असला तर ठीक; दोघांच्याही कनवटीला सारखीच गाठ. पण समोर सरकार असले तर? हरलेल्या रयतेकडून सरकारने आपल्या वकिलांची फी वसूल करावी काय? प्रश्न रुक्ष खरा, पण त्याने लोकमान्यांनाही कर्जात लोटले होते.

टिळक मंडालेला असताना, 1910 साली, लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल याने ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक काढून राजकीय खुनांशी त्यांचा संबंध जोडला. सुटून आल्यावर टिळकांनी विलायतेत अब्रूनुकसानीचा दावा लावला. कागदोपत्री प्रतिवादी चिरोल; परंतु मुंबई सरकारने आपली दप्तरे त्याच्या वकिलांपुढे उघडी केली आणि दिमतीला एक अधिकारीही दिला. 1919 च्या जानेवारीअखेर न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे काम उभे राहिले. टिळकांतर्फे सर जॉन सायमन, चिरोलतर्फे सर एडवर्ड कार्सन. दोघेही नामांकित, दोघेही महागडे. फेब्रुवारीत दावा हरला आणि दोन्हीकडचा खर्च टिळकांच्या डोक्यावर आला. आकडा लाखांच्या घरात गेला. अखेर लोकांनी गावोगाव वर्गणी काढून तो भार उचलला.

टिळकांच्या पाठीशी थैली घेऊन देश उभा राहिला. इसापूरच्या बुडीत क्षेत्रातल्या माणसापाठी कोण उभे राहणार?

आमच्या जिल्ह्याला हे निराळे सांगायला नको. बापूजी अणे वणीचे, वकिली यवतमाळची आणि निष्ठा टिळकांची. टिळकचरित्रावर त्यांनी ‘तिलकयशोऽर्णव’ हे संस्कृत महाकाव्य रचले. 1973 साली, त्यांच्या पश्चात, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोर्टाची पायरी रयतेला किती उंच पडते, हे त्या वकिलाला कुणी शिकवायला नको होते!

1908 च्या दिवाणी संहितेचा कलम 35 खर्च हरणाऱ्यावर टाकतो. न टाकल्यास न्यायाधीशाने कारण लिहावे लागते. मात्र वकिलाची फी तक्त्याप्रमाणे धरली जाते आणि ती बहुधा क्षुल्लक असते. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने खर्च प्रत्यक्षाला धरून, वाजवी असावा असे म्हटले. खोटे दावे लांबवणाऱ्या धनिकाला हे औषध उत्तम आहे. सरकारलाही तो हक्क असावा, पण अशाच माणसापुरता, असे माझे मत आहे. एरवी सरकारी वकिलाची फी रयतेनेच सारा आणि कर भरून आधीच दिलेली असते. ती दुसऱ्यांदा का मागावी?

इंग्रजांनीही हे एका ठिकाणी जाणले होते. 1894 चा भूसंपादन कायदा सांगे की कलेक्टरचा निवाडा कोर्टात टिकला नाही तर खर्च कलेक्टरनेच सहसा सोसावा. मागणी अवाच्या सवा असली किंवा कास्तकाराने हयगय केली असली तरच त्यातून काही कापावे. 2013 च्या नव्या कायद्यातही हा नियम राहिला. पूस, अरुणावती, बेंबळा, पैनगंगा या नद्यांवर धरणे बांधताना ज्यांची शेते गेली, त्यांच्या दृष्टीने हे कलम सोन्याचे.

तरीही पुष्कळजण कोर्टात गेलेच नाहीत. मोबदला कमी वाटला तरी वकील कोण करणार, हरलो तर काय, असे म्हणत मिळाले ते घेऊन गप्प बसले. 1984 साली संसदेने त्यांच्यासाठी एक कलम जोडले. त्याच अधिसूचनेखालच्या शेजाऱ्याला कोर्टाने वाढीव मोबदला दिला, तर न भांडलेल्यानेही तीन महिन्यांच्या आत कलेक्टरकडे अर्ज करावा आणि त्याच दराने आपला हिशेब पुन्हा मांडून घ्यावा. अडचण एवढीच, की शेजाऱ्याचा निकाल कधी लागला हे गाव सोडून पांगलेल्या माणसाला कुणीतरी वेळेवर कळवावे लागते.