गटार म्हणजे कोणतं गटार?

पुण्यात गाड्या धुण्याचा धंदा सुरू करायला निघालेल्या एका तरुणाने मला त्याचा हिशेब दाखवला. प्रेशर पंप, होज, दोन गन, फोमची टाकी, बोअरचं पाणी, गाळ्याचं भाडं, मुद्रा योजनेतलं कर्ज, सगळं नीट मांडलेलं होतं. धुतल्यावर पाणी कुठे जाणार, असं विचारलं तर तो सहज म्हणाला, "गटारात. समोरच आहे." हे मत त्याच्या एकट्याचं नाही. वॉशिंग सेंटरवाले, सोसायट्यांच्या भिंती आणि पार्किंग धुऊन देणारे, त्यांची गिऱ्हाइकं आणि पुष्कळ शिकलेली माणसंही हेच धरून चालतात. म्हणून त्याचं खंडन करायचं, तर आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा.

तो असा. या पाण्यात असतं काय, तर धूळ, चिखल आणि साबण. साबणाच्या कॅनवर 'बायोडिग्रेडेबल' असं छापलेलं असतं. गटारातलं पाणी महापालिकेच्या शुद्धीकरण केंद्रात जातं आणि त्यासाठी आपण कर भरतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कायदे कारखान्यांसाठी आहेत. एका पंपाच्या धंद्याला ते लावणं म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय देणं. शिवाय शहराचं कितीतरी मैलापाणी प्रक्रियेविना नदीत जात असताना दिवसाच्या हजार-दोन हजार लिटरची चौकशी कशाला?

या सगळ्या मांडणीचा पाया 'गटार' या एका शब्दावर आहे, आणि तिथेच ती ढासळते. आपण ज्याला गटार म्हणतो त्या मुळात दोन वेगळ्या वाहिन्या आहेत. एक मैलापाण्याची. पुण्यात तिला बोलताना ड्रेनेज म्हणतात. तिच्यावर घट्ट झाकणाचे चेंबर असतात आणि ती शुद्धीकरण केंद्राकडे जायची असते. दुसरं पावसाळी गटार. रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळी दिसते ते. त्याचं काम एवढंच, की पावसाचं पाणी लवकरात लवकर ओढ्यात नेऊन सोडायचं. वाटेत शुद्धीकरण केंद्र नसतं. पुण्यातला आंबिल ओढा मुठेला मिळतो, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीच्या धरणात येते. माझं घर सोलापुरात आहे. आमच्या नळाला उजनीचं पाणी येतं. त्या तरुणाच्या गाळ्यासमोरची जाळी माझ्या दृष्टीने पुण्यात संपत नाही.

हा भेद मी तर्काने काढलेला नाही, कायद्यानेच आकड्यांत मांडला आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या पाण्यात तरंगते घनकण लिटरला 600 मिलिग्रॅमपर्यंत चालतात. तेच पाणी नदी-ओढ्यात सोडायचं असेल तर मर्यादा 100. तेल आणि ग्रीस मलवाहिनीत 20, नदी-ओढ्यात 10. पुढे शुद्धीकरण आहे हे गृहीत धरूनच मलवाहिनीला सवलत दिली आहे. ती सवलत पावसाळी गटाराला लावणं ही शुद्ध अतिव्याप्ती आहे.

त्या 10 मिलिग्रॅमचा अर्थही समजून घेतला पाहिजे. एक लिटर जळकं ऑइल वजनाने साधारण 900 ग्रॅम भरतं. ते या मर्यादेत बसवायचं तर 90 हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. 'एवढंसं' हे विशेषण या हिशेबापुढे टिकत नाही.

आता साबण. जैवविघटनाच्या प्रचलित चाचण्यांत पदार्थाला 28 दिवसांची मुदत मिळते आणि त्या मुदतीत ठरावीक प्रमाणात विघटन झालं की तो उत्तीर्ण होतो. जाळीपासून ओढ्यापर्यंत पाणी काही तासांत पोचतं. त्या वेळी फेस अजून साबणच असतो आणि माशांच्या कल्ल्यांना त्याचा त्रास होतोच. पुढे विघटन होतं तेव्हा तेही पाण्यातला प्राणवायू खाऊनच होतं. कॅनवरचा शब्द खोटा नाही. 'ओढ्यात सोडलं तरी चालेल' हा अर्थ आपण त्याला चिकटवला आहे.

खरं तर साबण हा यातला गौण आरोपी. धुणं म्हणजे मळ नाहीसा करणं नव्हे. मळ जागा बदलतो. ब्रेकच्या भुकटीतलं तांबं, टायरच्या झिजेतलं जस्त, इंजिनाखालचं ग्रीस हे सगळं गाडीवरून पाण्यात येतं, आणि धातूंचं विघटन 28 दिवसांत काय, कधीच होत नाही. इमारती धुणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचे पापुद्रे गनच्या माऱ्याने उडतात तेव्हा त्यांत शिसं असू शकतं, आणि ते खाली मुलं खेळतात त्या अंगणात पडतं.

अनुभवी वॉशिंग सेंटरवाला इथे म्हणेल, की आमच्याकडे ऑइल ट्रॅप आहे. असेल, आणि असायलाच हवा. पण ट्रॅपची सगळी मदार तेल पाण्यावर तरंगण्यावर आहे. कडक डिटर्जंट, गरम पाणी आणि प्रेशर एकत्र आले की तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळून राहतं. ताकासारखं दिसणारं ते पाणी ट्रॅपमधून सरळ पुढे निघून जातं. म्हणून ग्रीस आधी खरवडून, सांडलेलं ऑइल लाकडाच्या भुश्शाने टिपून घ्यायचं, आणि मगच गन हातात घ्यायची. तो भुसा आणि ट्रॅपमधला तेलकट गाळ 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो; तो कचराकुंडीत न टाकता परवानाधारकाकडे द्यावा लागतो.

'कायदा कारखान्यांसाठी' हा मुद्दा मात्र नीट तपासण्याजोगा आहे. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यातलं 25 वं कलम मंडळाची पूर्वसंमती मागतं, आणि ते 'उद्योग' एवढ्यावर थांबत नाही. 'उद्योग, कार्य किंवा प्रक्रिया' असा त्याचा आवाका आहे. केंद्रीय मंडळाच्या 2016 च्या वर्गीकरणात वाहनांचं सर्व्हिसिंग नारिंगी, म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या, वर्गात होतं. म्हणून गाळा घेऊन बसणाऱ्याने संमतीपत्राचा प्रश्न भाडेकरार होण्याआधीच सोडवलेला बरा. गाडीवर पंप लादून दारोदार जाणाऱ्याला मात्र एक वाट दिसते: कायद्यात 'व्यवसायजन्य सांडपाणी' म्हणजे एखाद्या जागेतून बाहेर पडणारं पाणी, आणि माझी तर जागाच नाही. हा युक्तिवाद चतुर आहे, पण 24 व्या कलमापाशी तो अडतो. ते कलम जागा विचारत नाही. कोणत्याही व्यक्तीने जाणूनबुजून, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, प्रदूषक द्रव्य प्रवाहात, विहिरीत, मलवाहिनीत किंवा जमिनीवर जाऊ देता कामा नये, असं ते सांगतं. आणि 'प्रवाह' या शब्दाच्या व्याख्येत तूर्त कोरडा असलेला ओढाही येतो, जमिनीखालचं पाणीही येतं. उन्हाळ्यात ओढ्यात पाणी नसतं, ही सबब कायद्याने आधीच काढून घेतली आहे.

उरला पालिकेचा मुद्दा. त्यातला राग मला मान्य आहे. नदीकाठी उभं राहिलं की तोच राग मलाही येतो, आणि मैलापाणी नदीत सोडणाऱ्या यंत्रणेने लहान धंदेवाल्याकडे बोट दाखवावं हे अन्यायाचंच आहे. छोट्या माणसाला सोपा अर्ज, धुण्यासाठी ठरवून दिलेली जागा, तेलकट गाळ गोळा करणारी वॉर्डनिहाय सोय हवी. ही मागणी लहान धंदेवाल्यांनी एकत्र येऊन लावून धरावी आणि माझ्यासारख्यांनी त्यांच्याबरोबर उभं राहावं. पण या मागणीतून 'तोवर जाळीत सोडतो' हे अनुमान निघत नाही. उद्या शुद्धीकरण केंद्रं पूर्ण क्षमतेने चालली तरी जाळीतलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

खर्चाचंही बोलू. गाळ्याला जमिनीचा उतार रस्त्याकडून आत वळवणं, गाळ बसायला दोन-तीन कप्प्यांची टाकी, निवळलेलं पाणी पुन्हा पहिल्या फवाऱ्याला वापरणं; बाहेर काम असेल तर जाळीवर रबरी मॅट आणि वाळूच्या पिशव्या, आणि साचलेलं पाणी उचलायला लहान पंप. बोअरचं पाणी मार्चनंतर आटतं तिथे पुन्हा वापरलेलं पाणी धंदा चालू ठेवतं, हा हिशेब त्या तरुणाला नियमांपेक्षा लवकर पटला.

त्याने अजून गाळ्याचा करार केलेला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तिथे जाणार आहोत. मालकाने दाखवलेला चेंबर ड्रेनेजचा आहे की पावसाळी, हे मालकालाही सांगता आलेलं नाही. आधी वॉर्ड ऑफिसमधला नकाशा बघू, मग झाकण उघडून बादलीभर रंगीत पाणी ओतू, आणि एकाने ओढ्याकाठी उभं राहायचं.