कातरलेल्या कडा

सिगारेटचे पाकीट दबू नये म्हणून कंपन्या पूर्वी त्यात जाड कागदाचे एक चित्र घालीत. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉलपटूंच्या रंगीत चित्रांची अशी एक माला काढली. संग्राहक तिला टी-२०६ म्हणून ओळखतात. कार्ड केवढे, तर रुंदीला दीड इंचही नाही. पिट्सबर्गचा नामांकित खेळाडू होनस वॅग्नर याने आपले चित्र छापण्यास हरकत घेतली आणि त्याच्या कार्डाची छपाई थांबली. मुलांनी आपल्यापायी तंबाखू विकत घेऊ नये, अशी त्याची भावना होती असे सांगतात. मोबदल्यावरून बिनसले, असेही म्हणणारे आहेत. (वॅग्नर स्वतः तंबाखू खात असे, तेव्हा दुसरा तर्क अगदीच टाकाऊ नव्हे.) त्याची साठेक कार्डे आज शिल्लक असावीत.

त्यांतले एक १९८५ साली बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने २५ हजार डॉलरला घेतले आणि दोन वर्षांत १ लाख १० हजारांना विकले. ऐंशी वर्षांचा कागद, पण कडा धारदार आणि कोपरे टोकदार! १९९१ च्या लिलावात आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी त्यासाठी ४ लाख ५१ हजार डॉलर मोजले.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात पीएसए ही कार्डे पारखणारी कंपनी निघाली. तिचे संस्थापक डेव्हिड हॉल यांनी नाण्यांच्या बाबतीत हा उद्योग १९८६ मध्येच सुरू केला होता. ग्राहक म्हणतो माल उत्तम, विक्रेता म्हणतो सर्वोत्तम. मग तिऱ्हाइताने निवाडा द्यावा, ही कल्पना. भिंगाखाली कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोवतीचा समास पाहायचा, १ ते १० पैकी गुण द्यायचे, आणि क्रमांकासह कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करायचे. १९८० पासून अमेरिकेत दरवर्षी संग्राहकांचे राष्ट्रीय प्रदर्शन भरते. तेथे अशा कंपन्या मेजे मांडून कार्डे स्वीकारू लागल्या, काहींचा निकाल तिथल्या तिथेही मिळू लागला. फी मात्र कार्डाच्या किमतीप्रमाणे चढते. माल जितका मौल्यवान, तितकी पारख्याची मिळकत जास्त. या व्यवस्थेतली ही गोम मला नेहमीच खटकत आली आहे. सोन्याचा कस दगडावर तरी उमटतो, कागदाचा कस बराचसा पारख्याच्या नजरेवरच अवलंबून.

नियम एक होता, आणि तो कडक होता: झिजलेली कड कातरून नवी केलेल्या कार्डाला गुण द्यायचे नाहीत. पीएसएच्या डबीवर पहिला क्रमांक पडला तो ग्रेट्झ्कीच्या वॅग्नरवर, आणि गुण मिळाले ८. कार्ड कातरलेले असल्याचे आपल्याला तेव्हाच कळले होते, असे पारखणाऱ्यांपैकीच एकाने पुढे सांगितले. पण एवढ्या देखण्या, एवढ्या गाजलेल्या वस्तूला नाही म्हणणार कोण? नव्या कंपनीला यापेक्षा मोठी जाहिरात तरी कुठून मिळणार!

त्या आकड्याच्या जोरावर भाव चढत गेला. १९९६ साली ६ लाख ४० हजार, २००० साली साडेबारा लाखांच्या वर, २००७ साली आधी साडेतेवीस लाख आणि मग २८ लाख डॉलर. कुजबुज जुनीच होती, पण कार्ड डबीत बंद होते आणि डबी फोडून पाहण्यात कोणाचेच हित नव्हते.

अखेर कुजबुज खरी ठरली ती भलत्याच वाटेने. मॅस्ट्रोच्या लिलावगृहात खोट्या बोली लावून किमती फुगवल्याचा खटला शिकागोत उभा राहिला. २०१३ साली त्याने गुन्हा कबूल केला आणि त्यासोबतच वॅग्नरच्या कडा आपणच कातरल्याचेही सांगितले. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये वॅग्नरचे दुसरे एक कार्ड विकले गेले. एका वेगळ्या कंपनीने त्याला १० पैकी अवघे २ गुण दिले होते. त्याची किंमत आली साडेबहात्तर लाख डॉलर.