तेजीचे शिखर आणि कळपाचे शहाणपण

इतिहास शिकविणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. झाल्या गोष्टीचा शेवट त्याला आधीच ठाऊक असतो. त्यामुळे त्या काळची माणसे त्याला उगाचच मूर्ख वाटू लागतात. मुंबईच्या 1865 सालच्या शेअरबाजाराची हकीकत सांगताना तर ही खोड फारच बळावते. 'लोभ सुटला आणि बुडाले', एवढ्यावर आपण निकाल देऊन मोकळे होतो. मला तो निकाल मान्य नाही.

त्या तेजीला आधार काय होता, ते प्रथम पाहावे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. आपल्याकडच्या कापसाचे भाव कडाडले. मुंबईत सोन्याचांदीचा ओघ सुरू झाला. हा पैसा खरा होता. ज्यांनी वेळीच कापूस घेतला ते शहाणेच ठरले. आणि 1863 साली 'हे टिकणार नाही' असे कोणी म्हणाला असेल, तर पुढे दोन वर्षे त्याला हसूनच घ्यावे लागले असेल. तेव्हा कळप नेहमीच चुकतो, हा समज खोटा आहे. सरळ वाटेवर कळप बरोबरच असतो. तो चुकतो वळणावर.

मग वळण ओळखावे कसे? माझ्या मते भाव किती चढला हे विचारू नये. कशाच्या बळावर चढला हे विचारावे. 1864-65 च्या सुमारास मुंबईत 31 बँका आणि 20 विमा कंपन्या उभ्या होत्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅकबे कंपनीचा 5000 रुपयांचा शेअर 50,000 वर गेला. जमीन मात्र अजून पाण्याखालीच होती! बँक ऑफ बॉम्बे शेअरांच्या तारणावर कर्जे देत होती. शेअर चढला की तारणाची किंमत वाढे, ती वाढली की अधिक कर्ज मिळे आणि त्या कर्जातून पुन्हा शेअरच घेतले जात. त्यातून सौदे मुदतीचे. घेणाऱ्याला माल नकोच होता. त्याला आपल्यामागून येणारा दुसरा घेणारा हवा होता. सगळेच आत शिरल्यावर तो येणार कोठून?

युद्ध कधीतरी संपणार, हे कोणाला ठाऊक नव्हते? तरीही प्रत्येकाला वाटे की इतरांच्या आधी आपण बाहेर पडू. 9 एप्रिल 1865 रोजी सेनापती ली शरण गेला. वार्ता मुंबईस पोचली आणि कापूस कोसळला. 1 जुलै रोजी सौद्यांची मुदत भरली, तेव्हा देणी फेडण्याची ऐपत फारच थोड्यांत उरली होती. बँक ऑफ बॉम्बेचा 2850 पर्यंत चढलेला शेअर 87 रुपयांना विकावा लागला. 1868 साली ती बँकच मोडीत निघाली. बाजाराचा राजा म्हणून गाजलेले प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले.

आता शेअरबाजार मोबाइलमधून मास्तरांच्या खोलीतही आला आहे. 'सगळे घेताहेत, तुम्हीच मागे का?' हा प्रश्न तेथेही ऐकू येतो. त्याला उलट उत्तर देणे म्हणजे स्वतंत्र बुद्धी नव्हे. हट्टाने उलट चालणाऱ्यांचाही एक कळपच असतो. शिखराची तारीख कोणालाच सांगता येत नाही. मात्र आपण उसन्या पैशावर उभे आहोत काय आणि उद्या विकायचे झाले तर घेणारा कोण, हे दोन प्रश्न ज्याचे त्याला विचारता येतात. लोकांच्या गजबजाटात नेमके तेच विचारायचे राहून जातात.

प्रेमचंदांनी ऐन तेजीत, 1864 साली, मुंबई विद्यापीठाला चार लाख रुपये दिले होते. त्यातून ग्रंथालय आणि आईच्या नावाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. शिखरावर असताना जे त्यांनी हातून सोडले, तेवढे मात्र आजही मुंबईत उभे आहे.